पोटदुखीचे औषध



आजच्या शुभवर्तमानात एक मुलगा आहे. पाच हजार माणसे उपाशी बसली आहेत, प्रेषित हिशेब करून थकले आहेत, आणि या पोराच्या फडक्यात आहेत पाच भाकरी आणि दोन मासळ्या. चारही शुभवर्तमानांत ही घटना आहे, पण मुलाचा उल्लेख फक्त संत योहान करतो. भाकरी जवाच्या होत्या हेही तोच सांगतो. जव म्हणजे त्या देशात गरिबाचे धान्य. मासळ्याही लहानशाच, भाकरीला तोंडी लावण्यापुरत्या. आपल्याकडे कामावर जाणारा माणूस डब्यात भाकर आणि सुका बोंबील घेतो, त्यातलाच प्रकार. आंद्रियाने मुलाला प्रभूकडे आणले खरे, पण आणता आणता इतक्या लोकांना हे कसे पुरणार, अशी शंकाही काढली. ही शंका आपल्या ओळखीची आहे. आपल्याही घरात, आपल्याही धर्मग्रामात ती रोज निघते.

आज आपण एका माणसाची हकिगत ऐकणार आहोत. त्याच्याजवळ पाच भाकरीही नव्हत्या. व्हिएतनामचे कार्डिनल व्हॅन थुआन हे ते नाव. त्यांचे बाप्तिस्म्याचे नाव फ्रान्सिस झेवियर, म्हणजे आपल्या गोव्यात ज्यांचे अवशेष आहेत त्याच संतांचे. १९६७ साली ते न्हा ट्रांगचे बिशप झाले. २४ एप्रिल १९७५ रोजी त्यांची सायगॉनच्या सहायक आर्चबिशपपदी नेमणूक झाली. सहा दिवसांनी सायगॉन पडले आणि देशावर कम्युनिस्टांची सत्ता आली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, त्यांना अटक झाली. खटला नाही, शिक्षा किती ते सांगितलेले नाही. ते तेरा वर्षे कैदेत राहिले, त्यांपैकी नऊ वर्षे एकान्तकोठडीत.

अटक झाली तेव्हा हात रिकामे होते. दुसऱ्या दिवशी गरजेच्या वस्तू मागवण्यासाठी घरच्या माणसांना लिहायची परवानगी मिळाली. कपडे, टूथपेस्ट वगैरे. त्यात त्यांनी लिहिले की, पोटदुखीवर औषध म्हणून थोडा द्राक्षारस पाठवा. भाविकांच्या लगेच लक्षात आले. पोटदुखीचे औषध अशी चिठ्ठी चिकटवलेली एक लहान बाटली आली. सोबत एक टॉर्च आला, आणि दमट हवेने खराब होऊ नयेत म्हणून त्या टॉर्चच्या पोटात लपवलेल्या ओस्त्या. पावसाळ्यात ओस्तीचे काय होते हे आपल्या सॅक्रिस्टीत मदत करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. पहारेकऱ्याने विचारले, तुम्हाला पोटदुखी आहे का? ते हो म्हणाले. हे घ्या तुमचे औषध, असे म्हणून त्याने बाटली हातात दिली.

कोणी म्हणेल, बिशपांनी पहारेकऱ्याला फसवले. आम्हाला तसे वाटत नाही. अंत्युखियाचे संत इग्नाती यांनाही साखळदंडात रोमला नेले जात होते, आणि वाटेत लिहिलेल्या पत्रात त्यांनी ख्रिस्तप्रसादाला अमरत्वाचे औषध म्हटले होते. बाटलीवरची चिठ्ठी तशी खरीच होती.

त्या दिवसापासून ते रोज मिस्सा करू लागले. द्राक्षारसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब तळहातावर घ्यायचे. हात हाच चषक, हात हीच वेदी. पुढे उत्तरेकडच्या छावणीत पन्नास-पन्नास कैद्यांचे गट होते. एका सामाईक फळीवर सगळे झोपायचे, प्रत्येकाच्या वाट्याला पन्नास सेंटिमीटर जागा. त्यांच्या गटात पाच कॅथलिक होते. रात्री साडेनऊला दिवे मालवले की ते अंथरुणावर वाकून पाठ असलेली मिस्सा म्हणत आणि मच्छरदाणीखालून हात सरकवून त्या पाच जणांना ख्रिस्तप्रसाद देत. सिगारेटच्या पाकिटातल्या कागदाच्या पुड्या करून त्यात ख्रिस्तप्रसाद जपून ठेवत. दिवसा ती पुडी खिशात असे. अंधारात कैदी आळीपाळीने त्यासमोर प्रार्थना करीत.

पन्नास सेंटिमीटर म्हणजे आपल्या चर्चच्या बाकावर एका माणसाला मिळते साधारण तेवढीच जागा. त्या जागेत आपल्याला काय काय खुपते! पंखा लागत नाही, माइक घरघरतो, उपदेश दहा मिनिटे लांबला. ख्रिस्तप्रसाद घेऊन परस्पर दाराबाहेर पडणारेही आपल्यात आहेत, आणि ते कोण हे सर्वांना माहीत आहे, म्हणून इथे लिहीत नाही.

पण बाटली आणि टॉर्च यांची गोष्ट ऐकून या माणसाला सगळे सोपे गेले असे समजू नका. एकान्तात त्यांना रात्र-रात्र झोप येत नसे. आठ वर्षे बिशप म्हणून उभे केलेले काम डोळ्यांपुढे येई: सेमिनरीतली मुले, शाळा, तरुणांचे गट, गावोगावच्या भेटी. हे सगळे देवाचे काम आहे, मग देवानेच मला यातून का काढले? मन कडवट होत चालले होते. अशाच एका रात्री त्यांना अंतःकरणात उत्तर मिळाले. देव वेगळा आणि देवाचे काम वेगळे. तू केलेस ते सर्व चांगले होते, पण ते म्हणजे देव नव्हे. देवाला ते तुझ्याकडून काढून घ्यायचे असेल तर लगेच देऊन टाक, तो ते तुझ्यापेक्षा योग्य माणसांच्या हाती देईल. त्यानंतर त्यांना शांती लाभली, आणि पुढे ती टिकली.

आपल्या धर्मग्रामातल्या काही घरांसाठी आम्ही हे मुद्दाम लिहीत आहोत. ज्यांनी वर्षानुवर्षे संडे स्कूल शिकवले, गायनमंडळ सांभाळले, सणाला मंडप घातला, आणि आता गुडघे चालत नाहीत म्हणून खाटेवर आहेत, अशी माणसे आपल्यात आहेत. ख्रिस्तप्रसाद घेऊन गेले की ती पहिले वाक्य बोलतात ते हेच: आता माझा काही उपयोग नाही. आजी-आजोबांनो, तुमच्या हातून काम गेले आहे, देव गेलेला नाही. व्हॅन थुआन यांना हे कळायला ऐन उमेदीत कोठडीत पडावे लागले. तुम्हाला ते कठीण जात असेल तर त्यात नवल नाही, आणि त्याची लाजही वाटू देऊ नका.

आता पुन्हा एका मुलाकडे येऊ. अटकेच्या सुरुवातीच्या महिन्यांत ते एका खेड्यात पहाऱ्याखाली होते. आपल्या लोकांशी बोलावे कसे? संत पौलाने तुरुंगातून पत्रे लिहिली हे त्यांना आठवले. ऑक्टोबर १९७५ मध्ये त्यांनी क्वांग नावाच्या सात वर्षांच्या पोराला हाक मारली आणि आईला सांगून जुनी कॅलेंडरे आणायला सांगितले. पोराने ती आणली. रात्री कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते दोन-चार ओळींचे विचार लिहीत, सकाळी पोरगा ते घरी नेई आणि त्याची भावंडे त्यांची नक्कल करीत. असे १००१ विचार झाले. पुढे ‘आशेचा मार्ग’ या अर्थाच्या नावाने त्यांचे पुस्तक निघाले आणि अनेक भाषांत गेले. आपल्याकडे कॅलेंडरची जुनी पाने डाळ-तांदळाच्या डब्याखाली घालतात!

आणि पहारेकरी? आधी ते हो किंवा नाही यापलीकडे बोलत नसत. हा बिशप माणसांना बिघडवतो म्हणून दर पंधरा दिवसांनी त्यांची पाळी बदलत. मग वरिष्ठांनी विचार केला की असेच बदलत राहिलो तर सगळेच पोलीस बिघडतील, आणि बदलणे थांबवले. व्हॅन थुआन त्यांना इंग्रजी, फ्रेंच शिकवू लागले. एकाने लॅटिन गीत शिकवा म्हटले. त्याने निवडले ते पवित्र आत्म्याला आवाहन करणारे ‘वेनी क्रेआतोर’. तो कम्युनिस्ट पोलीस रोज सकाळी ते म्हणत जिना उतरायचा.

छावणीत लाकूड तोडताना त्यांनी पहारेकऱ्याकडे क्रूसापुरता तुकडा मागितला. सापडलो तर दोघांनाही शिक्षा होईल, असे तो म्हणाला, आणि तरी त्याने तो घेऊ दिला. तो तुकडा सुटकेपर्यंत साबणाच्या वडीत लपलेला होता. पुढे हनोईजवळच्या तुरुंगात त्यांनी दुसऱ्याकडे विजेची तार मागितली. तो घाबरला, हा माणूस जीव देणार असे त्याला वाटले. क्रूसासाठी साखळी करायची आहे, असे सांगितल्यावर तो निघून गेला. काही दिवसांनी पक्कड घेऊन परत आला, आणि कैदी व पहारेकरी दोघांनी मिळून तारेची साखळी वळली.

२१ नोव्हेंबर १९८८ रोजी, पवित्र मरियेच्या मंदिरार्पणाच्या सणाला, त्यांची सुटका झाली. १९९१ नंतर त्यांना मायदेशी परतू दिले नाही. २००० सालच्या उपवासकाळात पोप जॉन पॉल दुसरे यांच्यासमोर त्यांनी तपसाधनेची प्रवचने दिली, २००१ मध्ये ते कार्डिनल झाले आणि १६ सप्टेंबर २००२ रोजी निवर्तले. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना पूजनीय घोषित केले. शेवटपर्यंत त्यांच्या गळ्यात सोन्याचा क्रूस नव्हता. साबणातले ते लाकूड धातूत मढवून विजेच्या तारेच्या साखळीत अडकवलेले होते.

ज्यांच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेले आहे त्यांनी आज मिस्सानंतर नाव आणि घराची खूण सॅक्रिस्टीत द्यावी. या आठवड्यात आपण ख्रिस्तप्रसाद घेऊन येऊ. पाऊस असला तरी येऊ. टेबलावर एक स्वच्छ फडके आणि मेणबत्ती एवढे पुरे आहे, चहा-नाश्त्याची खटपट करू नये. घरातली लहान मुले त्या वेळी आजी-आजोबांच्या खाटेजवळ असली तर आम्हाला आनंद होईल.