‘ठाऊक नाही’ म्हणण्याचे धैर्य

आकाशात काहीतरी विचित्र दिसले असे कुणी सांगितले, तर आपण काय करतो? एक तर हसतो, नाहीतर तेच मीठमसाला लावून दहा जणांना सांगतो. या दोहोंखेरीज तिसरी वाट नाही का?

अमेरिकेच्या हवाई दलाने ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ या नावाने १९५२ ते १९६९ पर्यंत अशा घटनांची चौकशी केली. एकेकाळची ही गोपनीय कागदपत्रे आता तेथील राष्ट्रीय अभिलेखागारात कुणालाही पाहता येतात. १९४७ पासूनच्या १२,६१८ नोंदींपैकी बहुतेकांचा उलगडा झाला. कुणी शुक्र पाहिला होता, कुणी उल्का, कुणी फुगा, तर कुणी विमान. ७०१ नोंदींवर मात्र शेरा राहिला, ‘ओळख पटली नाही.’

हा शेरा वाचून कुणी म्हणतात, परग्रहवासी आलेच होते! पण कागद तसे म्हणत नाही. तो एवढेच म्हणतो की, आम्हांला ठाऊक नाही.

उत्तर देण्याची घाई किती महागात पडते, तेही याच चौकशीत दिसले. मार्च १९६६ मध्ये मिशिगन राज्यात अनेकांनी रात्री दिवे पाहिले. त्यांत पोलिसही होते. हवाई दलाचे सल्लागार, खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक यांनी थोड्याच दिवसांत सांगितले की, काही ठिकाणी तो दलदलीतला वायू असावा. सर्वत्र थट्टा झाली. आपल्याला वेड्यात काढले, असे पाहणाऱ्यांना वाटले. पुढे हायनेक स्वतःच या चौकशीच्या पद्धतीवर टीका करू लागले.

मग ‘ठाऊक नाही’ ही पळवाट नव्हे का? शोध न घेता म्हटले तर तो आळस आहे. शोध घेऊन म्हटले तर तो प्रामाणिकपणा आहे.

आकाशातले दिवे आपल्यापासून दूर आहेत. पण मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात कानावर येते की, अमक्याच्या मुलीचे लग्न मोडले, तमक्याचा मुलगा आखातातली नोकरी सोडून परतला. कारण कुणालाच ठाऊक नसते. तरी घरी पोहोचेपर्यंत आपण ते ठरवून टाकतो. ज्यांच्याविषयी बोलतो, ते उत्तर द्यायला तेथे नसतात. आणि आपला शेरा मात्र त्यांच्या दारावर वर्षानुवर्षे राहतो.

कुणी कारण विचारलेच, तर ‘आम्हांला ठाऊक नाही’ एवढेच म्हणू या. आणि खरोखरच काळजी वाटत असेल, तर त्या घरी जाऊन विचारपूस करू या.