सवलत कुणाच्या वयाला?

१६ जानेवारी २०२६. पुणे महापालिकेचा निकाल लागला. १६५ जागांच्या सभागृहात भाजपला स्पष्ट बहुमत मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नारायण पेठेत, भिडे पुलाच्या अलीकडे, एक मावशी भेटल्या. वस्तीतून दोन बसा बदलून येतात, पेठेत चार घरची धुणीभांडी करतात. मला म्हणाल्या, "बाबा, निकाल लागला न्हवं? मग आता तिकीट पडतंय का न्हाई?"

दोन्ही राष्ट्रवादींनी जाहीरनाम्यात पीएमपी आणि मेट्रो फुकट करू म्हणून सांगितलं होतं. मी म्हणालो, "मावशी, ते हारले."

"मंग त्ये हारले म्हनून म्या चालत यायचं?"

दोस्तहो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बहुमतानं राज्य कुणी करायचं ते ठरतं. तिजोरी कशी चालवायची तेही ठरतं, मान्य. सगळ्यांना फुकट हाच एक मार्ग आहे असंही नाही. पण एखाद्या माणसाचं मागणं न्यायाचं आहे की नाही, ते मतं मोजून ठरतं का? निकालाआधी न्यायाचं होतं ते निकालानंतर अन्यायाचं कसं होईल?

राज्यानं २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत केली, ६५ ते ७५ ला निम्मं तिकीट. १७ मार्च २०२३ पासून सगळ्या बायांना निम्मं. चांगलं झालं. पण मावशी एसटीनं गावाला जातात वर्षातनं दोनदा. पोटासाठी रोज लागते ती शहराची बस. त्या बसचा महिन्याचा पास १ जून २०२५ ला ९०० वरून १५०० रुपये झाला. तेव्हा महापालिकेत सभागृहच नव्हतं. मार्च २०२२ पासून प्रशासक. जाब विचारायचा तर कुणाला?

पीएमपी ज्येष्ठांना सवलतीचा पास देते. पण ज्येष्ठ कोण? मावशींच्या आधारवर जन्म १ जून १९६७. आपल्या वस्तीत निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्म १ जूनचा, कुणीतरी अंदाजानं लावलेला. मावशी सांगतात, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली तेव्हा कडेवर पोर होतं. म्हणजे कागदाप्रमाणे पाच वर्षांच्या मुलीच्या कडेवर तिचंच पोर! शरीर सत्तरीपार, कागद ५८ वर सांगतो, "अजून थांबा."

किती थांबायचं? संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेनं २०१८ च्या अहवालात सांगितलं, की भारतातली दलित बाई सवर्ण बाईपेक्षा सरासरी १४.६ वर्षं लवकर मरते. मग ७५ ची अट सगळ्यांना सारखी कशी? नियम एकच, पण आयुष्यं दोन. वाड्यातल्या आजी ७५ ला पोचतात. त्यांची भांडी घासणारी वाटेतच संपते. विषमतेवर समान नियम ठेवला की विषमताच कायदेशीर होते.

२५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी घटना समितीत हाच इशारा दिला होता. राजकारणात एक माणूस एक मत, एक मत एक मूल्य, आणि समाजात, अर्थकारणात एक माणूस एक मूल्य हे तत्त्व नाकारलेलं. मतदानाच्या बटणापाशी मावशी आणि मालकीणबाई सारख्या. बसच्या पायरीशी नाहीत.

'सवलत' शब्दच मला खटकतो. त्यात देणारा वर बसतो, घेणारा खाली वाकतो. चाळीस वर्षं या बाईनं शहराचं खरकटं काढलं. तिला बसमध्ये जागा देणं हा उपकार नाही, थकलेल्या बाकीतला एक हप्ता आहे.

आणि आपण? प्रचारात स्लिपा वाटत चाळी चढलो. 'मावशी, मत कुणाला?' विचारलं. 'वय किती, कामाला कशा जाता?' हे कुणी विचारलं? आता वस्तीत वही घेऊन बसायचं. कुणाच्या वयाचा कागद खोटा, कोण किती पायी चालतं, लिहून काढायचं. आणि निवडून आलेल्याच्या दारात जायचं, पक्ष कोणता का असेना.

मी मावशींना 'ते हारले' म्हणालो. जणू तेवढ्यानं हिशेब मिटला. त्याची लाज वाटते, म्हणून हे लिहिलं.