सांगेल तेच लिहायचं

आमच्या घरात शिक्षण माझं जास्त, पण अंध विद्यार्थ्याचा पेपर लिहायला मला बसता येत नाही. विद्यार्थ्यानं स्वतःचा लेखनिक आणला तर त्याचं शिक्षण विद्यार्थ्यापेक्षा एक पायरी कमी हवं, असं केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी ठरवलं. मी एम.कॉम. होऊन बँकेतून निवृत्त झालेला. माझी बायको जुनी अकरावी पास. दहावीची पहिली बोर्ड परीक्षा १९७५ मध्ये झाली, त्याच्या आधीची. पुढे शिकायचं राहून गेलं ते गेलंच. पण त्यामुळेच बी.ए.च्या मुलांना ती आज रायटर म्हणून चालते, आणि मुलं तिला हक्कानं बोलावतात.

नोव्हेंबरात आमची दोघांची धांदल असते. तिच्या सत्र परीक्षा, माझे हयातीचे दाखले. ज्येष्ठ नागरिक संघात मी लोकांना दाखला मोबाइलवर करून देतो, बँकेचे फॉर्म भरून देतो. मधल्या वेळात मंडई, गिरणी, औषधं. स्वयंपाक आता निम्मा माझ्याकडे आहे. त्या दिवशी आम्ही मटार सोलत बसलो होतो.

"काल पेपरात त्या मुलानं सत्यशोधक समाजाचं साल १८७५ सांगितलं," ती म्हणाली.

"१८७३."

"मला माहीत आहे. त्यालाही माहीत आहे. परवाच नोट्स वाचताना मी वाक्य पुरं करायच्या आत त्यानं तारखेसकट सांगितलं होतं, २४ सप्टेंबर. पेपरात आर्य समाजाचं साल तिथं घुसलं."

"मग तू काय लिहिलंस?"

"१८७५."

मला ते लागलं. त्या मुलाला पुस्तकं रेकॉर्ड होऊन हातात पडतात तेव्हा वर्गातल्या बाकीच्यांची निम्मी उजळणी झालेली असते. ताशी वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. एवढ्यानं वर्षभराचं मागे पडणं भरून निघत नाही. मी तसं म्हणालो. जो मुळातच मागून धावतोय त्याला एका आकड्याचा हात दिला तर कुणाचं काय जाणार होतं?

"त्याचंच गेलं असतं," ती म्हणाली. "त्याला चांगले मार्क पडले की लोक काय म्हणतात, ऐकलंय का? रायटर हुशार असेल. हे तो रोज ऐकतो. मी एक साल दुरुस्त केलं की लोकांचं ते म्हणणं खरं ठरतं. त्याच्या एकट्यापुरतं नाही, त्याच्यासारख्या सगळ्यांपुरतं. त्यानं स्वतः कमावलेल्या मार्कांनाही मग अर्थ उरत नाही."

"अगं, पण माझ्या आमटीत मीठ कमी पडलं तर तू मला न विचारता घालतेस."

"अहो, आमटी दोघांची आहे. पेपर त्याचा एकट्याचा."

बिनतोड होतं, तरी मी सोडलं नाही. पेपर त्याचा एकट्याचा, हे तितकंसं खरं नाही. तो बोलतो आणि ती लिहिते. बोलण्यात ह्रस्वदीर्घ नसतं, ते तिचं. अक्षर तिचं, परिच्छेदही बहुधा तिचेच. तपासणाऱ्यासमोर जे पान जातं त्यात तिचं बरंच काही आहे आणि ते त्याच्या नावावर जमा होतं. मग एका सालाचाच एवढा बाऊ का?

ती थोडा वेळ बोलली नाही. एक किडका दाणा बाजूला टाकून म्हणाली, "बाकीच्या मुलांना जे डोळ्यांमुळे मिळतं, तेवढंच मी त्याला द्यायचं. साल काही डोळ्यांमुळे मिळत नाही."

"मिळतं की! डोळस मुलगा शेवटच्या दहा मिनिटांत पेपर चाळतो. १८७५ वर नजर पडली की जीभ चावतो आणि खोडतो. ही नजर त्याला कोण देणार?"

"मी दिली. शेवटचे दोन प्रश्न वाचून दाखवा म्हणाला, मी वाचले. त्याच्या लक्षात आलं नाही."

"कसे वाचलेस?"

यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. "साल जवळ आलं तसा माझा आवाज आपोआप जड व्हायला लागला. मी तो होऊ दिला नाही."

खरा पेच इथं आहे असं मला वाटतं. नियमात काय लिहिलंय ते सोपं आहे: सांगेल तेच लिहायचं. पण आवाजाचं काय? ती त्या सालापाशी अर्धा क्षण थांबली असती तर मुलाला कळलं असतं, कारण त्याचा कान आमच्यापेक्षा तयार आहे. तो थांबा म्हणजे पुरवलेलं उत्तरच. आणि तिनं आवाज मुद्दाम सपाट ठेवला, तेही काहीतरी करणंच झालं. ज्या वाचणाऱ्याला साल माहीतच नाही, त्याला आवाज आवरावा लागत नाही. माहीत असलेल्या माणसाला तटस्थ राहायलाही जोर लावावा लागतो. मी हे म्हणालो तेव्हा ती "हो" म्हणाली, आणि थकल्यासारखी म्हणाली. चार तास त्या जोरानं बसून आली होती.

मी व्यासांकडे वळलो. गणपतीनं महाभारत लिहून घेताना अट घातली की लेखणी थांबता कामा नये, आणि व्यासांनी उलट अट घातली की अर्थ कळल्याशिवाय अक्षर उमटवायचं नाही. म्हणजे लिहिणाऱ्यानं समजून लिहावं अशी सांगणाऱ्याचीच इच्छा होती.

"समजून लिहावं. सुधारून लिहावं असं कुठं म्हणाले?" ती म्हणाली. "अवघड श्लोक आला की गणपती थबकायचा. बदलायचा नाही."

भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत ही कथा मूळ संहितेत नाही. मागाहून कुणीतरी घातलेली म्हणून संपादकांनी ती बाजूला काढली. मी हे माझ्या बाजूनं सांगितलं: बघ, दुसऱ्याच्या मजकुरात लिहिणाऱ्याचा हात शिरतोच, आणि ती गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या लोकांना प्रिय झाली.

"आणि कुणाचं काय ते वेगळं करायला आपल्याच गावात लोक किती वर्षं बसले?"

१९१९ ते १९६६. मी गप्प झालो. तिला तो पुरावा माझ्यापेक्षा नीट वाचता आला होता.

मग तिनं माझ्याच कामावर बोट ठेवलं. संघातल्या एक आजी ठेवीच्या फॉर्मवर नॉमिनी म्हणून मुलाचं नाव घाला म्हणाल्या होत्या. त्यांचं सगळं करते ती मुलगी. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, बँक पैसे त्याच्या हाती देते पण हक्क वारसांचा राहतो, हे मी त्यांना समजावलं. पुढे "पैसे कुणाच्या हातात लवकर पडलेले बरे?" असंही विचारलं. आजींनी मुलीचं नाव घातलं.

"नियम सांगितलात ते ठीकच," ती म्हणाली. "त्यासाठीच लोक येतात. पण तो प्रश्न? त्यात उत्तर होतं."

"होतं. आणि परत वेळ आली तर मी तो परत विचारीन. त्या आजींना पुढे जगायचंय. तिथं कुणी मार्क देणार नाही."

"म्हणूनच तुम्हाला विचारता येतो. मला नाही."

एवढ्यापुरतं आमचं एकमत झालं. मटार संपले होते. मी फोडणीला टाकायला उठलो, तर ती पुढच्या पेपराचं बोलू लागली. आधीच त्याच्याशी ठरवून ठेवायचं: साल किंवा आकडा आला की तेवढं वाक्य लगेच परत वाचायचं. बरोबर असो, चूक असो, प्रत्येक वेळी.

"हे तुला सुचलं ते १८७५ मुळेच."

"हो. म्हणून ठरवणार तो. मी फक्त विचारणार."

"आणि तो म्हणाला, नको, वेळ जातो?"

"तर नाही वाचणार."