नावाचं भाडं

आमच्या भोरच्या घराचं विजेचं बिल अजून आजोबांच्या नावानं येतं. आजोबांना जाऊन एकतीस वर्षं झाली, पण बिल वेळेवर भरणारा सज्जन ग्राहक म्हणून त्यांची कीर्ती शाबूत आहे. सातबाऱ्यावर तर त्यांच्याही आधीची मंडळी सुखानं नांदताहेत. तेव्हा माणूस गेला तरी नाव मागे राहतं, हे मी सुभाषित नव्हे, महसुली सत्य समजून चाललो होतो. परवा ते खोटं पडलं.

त्याचं असं झालं. आमच्या शेजारचे काका हौशी रेडिओवाले. या जमातीला जगभर ‘हॅम’ म्हणतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात, हे गच्चीवर तारा ताणत बसले. सरकारी परीक्षा दिली, मोर्सची कटकट शिकले (कटकट हा शब्द काकूंचा) आणि दिल्लीहून स्वतःचा कॉलसाइन मिळवला. व्हीयू टू आणि पुढे तीन अक्षरं. बारशाला नाव मिळालं तेव्हा रडले असतील, या नावाला मात्र त्यांनी पेढे वाटले.

भोर पडलं डोंगरांच्या बशीत. हातातल्या वॉकीटॉकीच्या लहरी डोंगराला अडतात, म्हणून पन्नास किलोमीटरवरचं पुणं काही लागत नसे. उलट वीस मीटरच्या लहरी वर आयनांबरावर आपटतात आणि मधला मुलूख गाळून हजारो किलोमीटरवर उतरतात. त्यामुळे काका जपानशी, ब्राझीलशी बोलत आणि पुण्याच्या मुलीला फोन करायला काकूंना सांगत.

बोलत तरी काय? हवा कशी आहे, एरियल किती उंच आहे! २००३ पर्यंत आंतरराष्ट्रीय नियमच होता, की हॅमनं तांत्रिक विषयांपलीकडे बोलायचंच तर इतकं बिनमहत्त्वाचं बोलावं, की त्यासाठी तार-टेलिफोनचा खर्च करणं योग्य ठरू नये. बिनमहत्त्वाचं बोलण्याची कायद्यानं सक्ती असलेला दुसरा छंद माझ्या ऐकिवात नाही. (नाही म्हणायला आमची सोसायटीची सभा आहे.)

पूर्वी अशा गप्पांची पोचपावती म्हणून कार्ड जायचं. परदेशी टपालाला पैसे फार. २००५ साली ‘डॉट इन’ सगळ्यांना खुलं झालं आणि पुढे काकांनी मला हाताशी धरून कॉलसाइनच्या नावानं वेबसाइट काढली. आधी त्यांना शेवटी ‘डॉट व्हीयू’च हवं होतं. शोधता कळलं, रेडिओवर व्हीयू म्हणजे भारत असला तरी इंटरनेटवर व्हीयू म्हणजे प्रशांत महासागरातलं वानुआटू. आणि वानुआटूवाल्यांना रेडिओवर म्हणतात वायजे! भोरचा माणूस एका टिंबानं समुद्रापार गेला असता. निमूटपणे ‘इन’वर आले. पहिल्याच पानावर त्यांनी स्वतः लिहिलं, “मी रोज संध्याकाळी साडेपाच ते सात वीस मीटरवर असतो. अवश्य हाक मारा.”

काका गेल्या वर्षी गेले. आणि परवा वेबसाइटच्या नावाची मुदत संपत आल्याची सूचना आली. हजारभर रुपये भरा. नाही भरले तर थोडे दिवस सवलत, मग नाव मोकळं. कुणीही यावं, घ्यावं, हवं तर जुगाराचा अड्डा थाटावा. म्हणजे नाव कधी काकांचं नव्हतंच, भाड्यानं होतं, आणि तेही एका वेळी फार तर दहा वर्षांच्या करारानं. कॉलसाइनचंही तेच, परवाना माणसाला मिळतो, वारसाला नाही.

काकू म्हणाल्या, “भर.” पण त्या वाक्याचं काय करू? “असतो” हे आता खोटं. “असायचो” करावं, तर बोलतोय कोण? मराठी व्याकरणात मेलेल्या माणसाच्या प्रथमपुरुषाची सोय नाही. आजोबाही बिलावर खोटेच आहेत, असं मी मनाला समजावलं. पण बिल वाचून कुणी आजोबांना हाक मारत नाही. इथे तर ‘हाक मारा’ म्हटलेलं. नुसतं नाव असलं तर ती आठवण झाली. पुढे वेळ लिहिली की तो शब्द दिल्यासारखा झाला. तो आता पाळायचा कुणी?

या विचारात दोन दिवस घालवले (पैसेही भरले नाहीत), तोच ओसाकाहून पत्र. “तीन संध्याकाळी हाक मारली, आपण ऐकू आला नाहीत. प्रकृती ठीक ना?” आमच्याकडे डोंगर फार आहेत, असं उत्तर मी जवळजवळ लिहिलं होतं. तरी काकूंना वाचून दाखवलं.

“तीन दिवस?” काकू म्हणाल्या. मग जरा वेळानं, “दहा वर्षांचे पैसे भर. आणि ते वाक्य काढ. हाक मारणाऱ्याला ताटकळत ठेवायची यांना सवय नव्हती. मला ठेवायचे, ते वेगळं.”

“रेडिओवाले गेलेल्याला ‘सायलेंट की’ म्हणतात, मूक झालेली चावी. तसं लिहू?”

“मूक? हे?” काकूंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की काय, मी पाहिलं नाही.

ओसाकाला खरं ते कळवलं. उत्तर दोन ओळींचं होतं आणि खाली ‘७३’. रेडिओवाल्यांचा तो निरोपाचा नमस्कार. काकूंनी चष्मा लावून ते पाहिलं आणि म्हणाल्या, “त्याला सांग, ब्याऐंशी. यंदा ब्याऐंशी पुरी झाली असती.”