दुसरी संधी : क्षमा की जुगार?

गेल्या नाताळात आमच्या धर्मग्रामातील एक तरुण अमेरिकेहून सुट्टीवर घरी आला होता. तिकडच्या एका विद्यापीठात तो अभियांत्रिकीचे उच्च शिक्षण घेत आहे. सणाच्या दुसऱ्या दिवशी तो आम्हांला भेटावयास आला आणि अभ्यासापेक्षा तिकडच्या फुटबॉलविषयीच अधिक बोलत राहिला. एखादा गुणवान परंतु वर्तनाने बदनाम झालेला खेळाडू एका विद्यापीठातून बाहेर पडला, की दुसरे विद्यापीठ त्याला किती तत्परतेने आपल्या संघात घेते, याच्या अनेक हकिकती त्याने सांगितल्या. शेवटी तो म्हणाला, "फादर, प्रत्येकाला दुसरी संधी द्यावी असे तुम्ही आम्हांला लहानपणापासून शिकवलेत. मग तिकडे ही जी संधी देतात, ती क्षमा म्हणायची की जुगार?" त्या वेळी आम्ही नाताळच्या फराळाची बशी त्याच्यापुढे सरकवून वेळ मारून नेली. तो परत गेला. त्याचा प्रश्न मात्र आमच्यापाशी राहिला. वाचकहो, त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

प्रथम त्या खेळाविषयी थोडेसे. हा फुटबॉल आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. दोन्ही टोकांना निमुळता असलेला चेंडू येथे मुख्यतः हाताने फेकतात किंवा छातीशी धरून धावतात. एकेका विद्यापीठाच्या संघात शंभराच्या आसपास मुले असली, तरी मैदानावर एका वेळी अकराच उतरतात, आणि त्या अकरांत 'क्वार्टरबॅक' एकच असतो. चढाईची जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते. अंगावर धावून येणाऱ्या धिप्पाड खेळाडूंना चुकवीत चेंडू कुणाकडे द्यावा, हे त्याला दोन-चार क्षणांत ठरवावे लागते. असा एक मुलगा मिळाला तर सामान्य संघ शिखरावर पोहोचतो. न मिळाला तर उत्तम संघही कोसळतो. अलाबामा राज्यातील ऑबर्न हे विद्यापीठाचे गाव घ्या. तेथील क्रीडांगणात ८०,०००हून अधिक प्रेक्षक बसतात. गावची लोकसंख्या त्याहून कमी आहे. मुख्य प्रशिक्षकाला वर्षाकाठी लाखो डॉलर वेतन मिळते आणि दोन हंगाम वाईट गेले की त्याची नोकरी जाते. अशा माणसापुढे एखादा गुणी पण डागाळलेला मुलगा उभा राहिला, तर त्याचा हात डागाकडे जाईल की गुणाकडे, हे सांगावयास नको.

याच ऑबर्नची कथा प्रसिद्ध आहे. कॅम न्यूटन हा तरुण फ्लोरिडा विद्यापीठात शिकत होता. २००८च्या नोव्हेंबरात एका सहाध्यायाचा चोरीस गेलेला लॅपटॉप त्याच्यापाशी असल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली. प्रथमच अपराध करणाऱ्यांसाठी असलेला सुधारणेचा कार्यक्रम त्याने पूर्ण केल्यावर आरोप मागे घेण्यात आले. पण तोवर तो फ्लोरिडा सोडून गेला होता. २००९ साली टेक्सासमधील ब्रेनहॅम या लहान गावच्या ब्लिन कॉलेजात तो खेळला आणि कनिष्ठ महाविद्यालयांचे राष्ट्रीय अजिंक्यपद त्याने त्या संघाला मिळवून दिले. २०१० साली ऑबर्नने त्याला घेतले. त्या हंगामात ऑबर्न एकही सामना हरले नाही. न्यूटनला विद्यापीठीय खेळाडूंचा सर्वोच्च मान, हाइझमन ट्रॉफी, मिळाला. आणि जानेवारी २०११मध्ये ओरेगनला २२-१९ असे नमवून ऑबर्न राष्ट्रीय विजेते ठरले. ज्या प्रशिक्षकाने हा डाव जिंकला, त्याच प्रशिक्षकाला अवघ्या दोन वर्षांत, २०१२चा हंगाम वाईट जाताच, पदावरून दूर करण्यात आले. जुगाराची रीत ही अशी असते. कालचा विजय तेथे कुणी जमा धरीत नाही.

दुसरी कथा इतकी गाजली नाही, म्हणूनच ती अधिक बोधप्रद आहे. जेरेमाया मसोली हा ओरेगन विद्यापीठाचा क्वार्टरबॅक. १ जानेवारी २०१०च्या प्रतिष्ठेच्या रोझ बोल सामन्यापर्यंत त्याने आपला संघ नेला. त्याच वर्षी मार्चमध्ये विद्यार्थ्यांच्या एका निवासातील चोरीप्रकरणी त्याने न्यायालयात अपराध कबूल केला आणि विद्यापीठाने त्याला एका हंगामासाठी खेळण्यास मनाई केली. जूनमध्ये गाडीत गांजा सापडल्याचे प्रकरण उद्भवले व त्याला संघातून काढून टाकण्यात आले. मिसिसिपी विद्यापीठाने त्याला तत्काळ प्रवेश दिला. खेळाचे नियंत्रण करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने आधी परवानगी नाकारली. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी असलेली सवलत शिक्षणासाठी आहे, शिक्षा चुकविण्यासाठी नाही, असे तिचे म्हणणे होते. काही दिवसांतच अपिलावर तिने तो निर्णय फिरवला. पुढे काय झाले? संघ पहिलाच सामना एका दुय्यम प्रतीच्या संघाकडून हरला आणि बारांपैकी चारच सामने जिंकला. मसोली नंतर कॅनडाच्या व्यावसायिक संघांतून अनेक वर्षे खेळला. तथापि मिसिसिपीच्या त्या वर्षाचा उल्लेख लोक 'फसलेला डाव' असाच करतात.

येथे आम्हांला थांबावेसे वाटते. डाव फसला, असे आपण म्हणतो तेव्हा कोणत्या हिशेबाने म्हणतो? त्या मुलाचे वर्तन सुधारले की नाही, हा हिशेब कुणीच मांडत नाही. सामने किती जिंकले, एवढेच मोजले जाते. न्यूटनला घेण्याचा निर्णय शहाणपणाचा आणि मसोलीला घेण्याचा मूर्खपणाचा, असे जे आपण म्हणतो, त्यात दोघांच्या आत्म्यांचा विचार तिळमात्र नसतो. दोन्ही निर्णयांचा हेतू एकच होता. फळ मात्र एका ठिकाणी गोड लागले, दुसऱ्या ठिकाणी कडू.

महाभारतातील द्यूतसभेचा प्रसंग आपणां सर्वांना ठाऊक आहे. धर्मराजाने आधी धन पणाला लावले, मग भाऊ, मग स्वतःला आणि शेवटी द्रौपदीला. तेव्हा त्या मानिनीने भरसभेत प्रश्न केला, की स्वतःला हरून बसलेल्या माणसाला मला पणाला लावण्याचा अधिकार उरला होता काय? भीष्मासारख्या ज्ञात्यालाही त्याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही. या विद्यापीठांच्या जुगारातही हाच प्रश्न दडलेला आहे. प्रशिक्षक स्वतःची नोकरी पणाला लावतो, ते एक वेळ समजू शकते. परंतु त्याबरोबर विशीतल्या त्या मुलाचे आयुष्यही पणाला लागते. अपराध केलेल्या मुलाला शांतता, वेळ आणि धाक यांची गरज असते. त्याला मिळतात ८०,००० लोकांच्या आरोळ्या. शिवाय संघातली इतर मुले, त्याच्या जागेसाठी चार वर्षे निमूटपणे घाम गाळणारा राखीव खेळाडू, आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो मूळ पीडित, यांना तर कुणी काही विचारलेलेच नसते.

माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, तो स्वतःच साध्य आहे, हे तत्त्व जर्मन तत्त्वज्ञ कांट याने मांडले, आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी पोपपदावर येण्यापूर्वीच प्रीती आणि जबाबदारी यांवरील आपल्या ग्रंथात त्याला ख्रिस्ती अर्थ दिला. या कसोटीवर पाहता दोष दुसरी संधी देण्यात नाही. दोष आहे तो संधी देताना मुलाकडे न पाहता त्याच्या दंडाकडे पाहण्यात. ज्या चोरीसाठी गुणी क्वार्टरबॅकला नवे विद्यापीठ मिळते, त्याच चोरीसाठी तिसऱ्या फळीतला खेळाडू गुपचूप घरी जातो. त्याला न्यायला कुणी विमानाचे तिकीट पाठवीत नाही.

तथापि एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. हेतू शुद्ध नसला म्हणून संधीच देऊ नये काय? न्यूटन पुढे व्यावसायिक खेळात नामवंत झाला, आणि खेळ चालू असतानाच पुन्हा ऑबर्नला जाऊन २०१५ साली त्याने समाजशास्त्राची पदवी पूर्ण केली. ऑबर्नने दार लावून घेतले असते, तर हे घडले असते काय? देव वाकड्या रेषांनीही सरळ लिहितो, असे जुने लोक म्हणत, आणि आमचाही तो अनुभव आहे. परंतु देवाने चांगले घडवून आणले, म्हणून आमचा हेतू चांगला ठरत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी दयेविषयी लिहिताना असे प्रतिपादन केले आहे, की दया न्यायाला नष्ट करीत नाही, ती न्यायाची परिपूर्ती करते. म्हणजे न्यायाचा मार्ग चालून मगच दया पुढे जाते. जी दया न्यायाला वळसा घालून पळते, ती दया नव्हे, सोय होय.

न्यायाच्या मार्गाने चालणारी दया कशी असते, याचे एक उदाहरण त्याच खेळात सापडते, आणि ते एका कॅथॉलिक विद्यापीठातले आहे याचा आम्हांला थोडासा आनंद होतो. होली क्रॉस संघाचे फादर एडवर्ड सोरिन यांनी १८४२ साली इंडियाना राज्यात नोत्र दाम विद्यापीठ स्थापिले. २०१२ साली एव्हरेट गोलसन हा त्याचा क्वार्टरबॅक असताना संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. पुढल्याच वर्षी शैक्षणिक गैरवर्तनाबद्दल विद्यापीठाने त्याला एका सत्रासाठी बाहेर काढले. संघाला तो सबंध हंगाम त्याच्यावाचून खेळावा लागला. जानेवारी २०१४मध्ये तो परत आला, तेव्हा दार उघडे होते. तेथेच त्याने पदवी घेतली आणि २०१५मध्ये तो फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाकडून खेळावयास गेला. गोलसनला परत घेताना त्याच्या खेळाचा विचार मुळीच नव्हता, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु येथे शिक्षा करणाऱ्याने शिक्षेची किंमत स्वतःही मोजली, आणि ज्या हाताने बाहेर काढले त्याच हाताने आत घेतले.

संत लूकच्या शुभवर्तमानातील अंजिराच्या झाडाचा दृष्टांत आपण दर तपःकाळात मनन करतो. तीन वर्षे फळ न देणारे झाड मालक तोडावयास निघतो आणि माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो. आपण 'आणखी एक वर्ष' एवढेच ध्यानात ठेवतो. माळी त्यापुढे काय म्हणतो, हे विसरतो. झाडाभोवती खणण्याचे आणि खत घालण्याचे काम तो स्वतःकडे घेतो. दुसरी संधी देणे म्हणजे स्वतःची कुदळ उचलणे. जुगारी झाडाला पाणी घालीत नाही. फळ येईल की नाही यावर तो पैसे लावतो आणि छायेत बसून राहतो.

आता तर या खेळाचा बाजारच झाला आहे. पूर्वी विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला सामान्यतः एक वर्ष न खेळता काढावे लागे, आणि त्या सक्तीच्या वर्षात विचार करावयास थोडी उसंत तरी मिळे. २०१८च्या ऑक्टोबरात स्थलांतर करू इच्छिणाऱ्या खेळाडूंची एक सामाईक नोंदयादी सुरू झाली. २०२१ साली एकदा विनाप्रतीक्षा बदल करण्याची मुभा मिळाली, आणि २०२४ साली अभ्यासाच्या अटी पाळणाऱ्यास कितीही वेळा. २०२१च्या जुलैपासून खेळाडूंना जाहिरातींतून कमावता येऊ लागले, आणि २०२५च्या जूनमधील न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठेच त्यांना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठासाठी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर होती. ज्यांच्या श्रमावर इतरांनी वर्षानुवर्षे धन मिळविले, त्या मुलांना त्यांचा वाटा मिळाला, हे न्याय्यच आहे. परंतु जेथे निघून जाणे इतके सोपे होते, तेथे चुकलेल्या माणसाला त्याच जागी उभे राहून चूक निस्तरण्याचे कारण उरत नाही. या साऱ्यात एक आशादायक गोष्टही घडली आहे. २०१५ साली दक्षिणेतील विद्यापीठांच्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सने असा नियम केला, की लैंगिक अत्याचार वा घरगुती हिंसेसारख्या गंभीर गैरवर्तनासाठी एका विद्यापीठाने काढून टाकलेल्या खेळाडूस तिच्या कोणत्याही सदस्य विद्यापीठाने घेऊ नये. पीडितेचा आवाज निदान त्या एका नियमात ऐकू आला.

दूरदेशीच्या प्रशिक्षकांना बोल लावणे सोपे आहे. म्हणून एक गोष्ट येथे कबूल केली पाहिजे. अनेक वर्षांपूर्वी, आम्ही एका धर्मग्रामात नवीन असताना, दोन मुलांनी मिळून दानपेटीतील पैसे काढल्याचे उघडकीस आले. दोघांनीही कबुली दिली. त्यांतील एक ऑर्गन सुंदर वाजवीत असे, आणि नाताळ तीन आठवड्यांवर आला होता. आम्ही त्याला समज दिली आणि मध्यरात्रीच्या मिस्सासाठी तो ऑर्गनवर बसला. लोकांनी आमच्या दयाळूपणाची स्तुती केली. दुसऱ्याला काहीच येत नव्हते. तो येईनासा झाला, आणि आम्ही त्याच्या घरी गेलो नाही. पुढे ते कुटुंब दुसरीकडे राहावयास गेले. त्या नाताळात आम्ही क्षमा केली असे आम्हांला कित्येक वर्षे वाटत होते. खरे पाहता आम्हांला एक वादक हवा होता.

त्या तरुणाला आम्ही आता पत्र लिहिणार आहोत. त्यात त्याला एवढेच सांगू, की बाळा, संधी देणारा क्षमा करतो आहे की जुगार खेळतो आहे, हे सामन्याच्या दिवशी कळत नाही. ज्या दिवशी त्या मुलाचा खांदा निखळतो आणि तो पुन्हा चेंडू फेकू शकत नाही, त्या दिवशी त्याच्या खोलीवर कोण जाते, ते पाहा. आणि ज्याला चेंडू कधीच फेकता आला नाही, अशा चुकलेल्या मुलाचे नाव कुणाला आठवते का, तेही विचार.

आम्हांला आमच्या त्या दुसऱ्या मुलाचे नाव आठवते. त्याचा पत्ता शोधण्याचे काम आम्ही या पावसाळ्यापूर्वी हाती घेणार आहोत.