विहिरीवर जाणाऱ्या बोर्डाबद्दल
चि. भाचीस,

मोटरीच्या ऑटो स्टार्टरचा तुझा बोर्ड ताईने फोटोतून दाखवला. सर्किट चोख आहे. 28 फेब्रुवारीला खोडदला जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रातल्या विज्ञान प्रदर्शनात ते जरूर मांड. पारनेरच्या विहिरीवर मात्र इतक्यात बसवू नकोस. दाजींना रात्रीच्या लाईटीला बिबट्याच्या धास्तीत मळ्यात जावं लागतं, म्हणून तुझी घाई कळते. पण प्रदर्शनाच्या टेबलावर बोर्ड निवांत असतो. स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर ओढला की अख्खी पेटी हादरते, आणि कच्चा जॉइंट तिथे सुटतो.

रिलेच्या पायांवर सोल्डरचे गोळे दिसताहेत. सोल्डर आयर्नच्या टोकावर वितळवून वरून टेकवलं की असंच होतं. टोक पायाला आणि तांब्याच्या पट्टीला एकदम लाव, दोन्ही तापू देत, मग दुसऱ्या बाजूने तार टेकव. 63-37 ची कथील-शिशाची तार 183 अंशांना वितळते. ती आपणहून पायाभोवती पसरली पाहिजे. गार होईपर्यंत काही हलवू नकोस. नळजोडणीची आम्लाची पेस्ट तर बोर्डाजवळही आणू नकोस, ती तांबं खाते. ट्रान्सफॉर्मरचं वजन सोल्डरवर टाकू नकोस, तो स्क्रूने आवळ.

आता एका बाबतीत मी हट्टच धरणार आहे. स्क्रूखाली जाणाऱ्या वायरच्या टोकांना तू सोल्डर पाजलं आहेस. दिसायला नीटनेटकं वाटतं, पण सोल्डर मऊ असतं; दाबाखाली महिनोन्‌महिने सरकत राहतं, स्क्रू सैल पडतो, जागा तापते, वायर जळते. ती टोकं कापून टाक आणि लग क्रिम्प कर. स्टार्टरच्या कॉइलला 415 व्होल्टही असू शकतात. तिच्याकडे जाणाऱ्या बोर्डावरच्या पट्ट्या आणि तुझी 12 व्होल्टची बाजू यांत निदान 8 मिलिमीटर अंतर ठेव, मध्ये सोल्डरचा कण राहू देऊ नकोस. दाजींचे हात पाणी धरताना ओले असतात.

खिडकी उघडी ठेव, राळेचा धूर छातीला वाईट. शिशामुळे जेवणाआधी हात साबणाने धू. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. मीटरने तपासल्याशिवाय हात लावू नकोस.

रविवारी बोर्ड घेऊन नगरला ये. भिंगाखाली एकेक जॉइंट पाहू, मग वायरमनला बोलावून मेन बंद करून बसवू.

तुझा मामा