उघडी खिडकी

आमच्या भाच्याने संगणकात नाट्यगृह उभे केले. बांधण्याआधीच आवाज तपासायचा! रंगमंचावरून हजारो किरण सुटतात, भिंतींवर आपटत, दर धडकेला थोडे क्षीण होत हिंडतात. ही युक्ती नॉर्वेतल्या तिघांनी १९६८ साली मांडली.

"आणि प्रेक्षक?"

"शोषक, मामा! गादीच्या रिकाम्या खुर्चीपेक्षा थोडेच जास्त."

हा शब्द आम्ही युनियनच्या सभेत मॅनेजरसाठी राखून ठेवलेला. ऐकणे म्हणजे नुसते शोषणे?

"मग अव्वल शोषक कोण?"

"उघडी खिडकी. हार्वर्डच्या सेबाइनने तेच माप धरलं. गेलेला आवाज परत येत नाही."

मी गप्प झालो. तेवीस वर्षे बँकेच्या खिडकीत बसून तक्रारी ऐकतोय. पेन्शन अडकलेल्या आजीबाई परवा तिसऱ्यांदा म्हणाल्या, "तुम्हीच तेवढे ऐकून घेता हो!"